आये, तू आता बस

वाचकहो, परवा सकाळी आमच्या घरी एक लहानशी गोष्ट घडली. तुमच्याही घरी ती घडत असेल, फक्त तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नसेल.

मिरगाच्या आधी परसातल्या आंब्याच्या आळ्यात शेणखत घालायचे म्हणून मी घमेले भरले, उचलले आणि चार पावले टाकली असतील नसतील, तोच आमची सून धावत आली. "आबा, तुम्ही कशाला? द्या इकडे. तुम्ही बसा बघू पडवीत." घमेले तिने घेतले आणि मी पडवीत जाऊन बसलो. पोर गुणाची आहे. तिने जे केले ते मायेनेच केले, यात मला तिळमात्र शंका नाही. पण खरे सांगतो, गेल्या मार्गशीर्षात मला अडुसष्टावे लागले तेव्हा काही वाटले नव्हते. दाढी पांढरी झाली, चष्म्याचा नंबर वाढला, तेव्हाही नाही. एस. टी.त अर्धे तिकीट लागू झाले तेव्हा तर पैसे वाचतात म्हणून बरेच वाटले. त्या सकाळी मात्र पडवीत बसल्या बसल्या पहिल्यांदाच मनात आले, की आपण आता म्हातारे झालो.

घमेले हातात होते तोवर मी म्हातारा नव्हतो, आणि ते हातातून गेल्यावर झालो. हा काय प्रकार आहे, याचा मी गेले आठ दिवस विचार करतो आहे. आणि विचार करता करता आई आठवली. तिच्या हातातले घमेले मीच काढून घेतले होते.

२००५ सालची गोष्ट. आमची मूळ वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. आई तिथे एकटी राहत असे. वय ७२. मी महाडला नोकरीत, घर केलेले जरा चढावर, त्यामुळे सावित्रीचे पाणी तिथवर येत नाही. त्या वर्षी २५ आणि २६ जुलैच्या पावसाने काय केले ते आपल्या भागातल्या कोणालाही सांगायला नको. दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे दरडी आल्या आणि घरेच्या घरे गाडली गेली. आमच्या वाडीला धक्का लागला नाही, पण माझ्या जिवाला लागला. पाऊस जरा उसंत देताच वर गेलो आणि आईला घेऊन खाली आलो. ती येत नव्हती. "कोंबड्या कोन बघंल?" एवढेच म्हणत होती. कोंबड्या शेजारणीला दिल्या, शेळी विकली.

वाडीतला तिचा दिवस कसा होता ते सांगतो. पहाटे उठून अंगण झाडायचे, खुराडे उघडायचे, शेळीला पाला काढून आणायचा. परड्यात काकडी, पडवळ, दोडकी असत, त्यांना मांडव करायचा. नाचणी पाखडायची, वाल सोलायचे. दुपारी घटकाभर पडायचे आणि उन्हे कलली की वाडीच्या टोकाला असलेल्या भावजयीकडे जाऊन यायचे. ती वाट म्हणजे एक घळ उतरून पुन्हा चढायची. या सगळ्याला ती काम म्हणत नसे आणि व्यायाम हा शब्द तर तिला ठाऊकच नव्हता. वय विचारले तर म्हणे, "मोठ्या साथीच्या सालातली का कायशी हाय म्हनं मी," आणि विषय बदले.

महाडला आणल्यावर मी काय केले? एक चांगली खुर्ची आणली. टी.व्ही.समोर ठेवली. आमच्या सौ.ने पाण्याचा तांब्या हाताशी दिला, जेवणाचे ताट खुर्चीवर दिले. आई उठायला लागली की घरातले प्रत्येकजण एकच वाक्य म्हणे, "आये, तू आता बस. लई केलंस आजवर." आळीत आमचे कौतुक झाले. सून असावी तर अशी, असे लोक म्हणू लागले. आणि तिथेच आम्ही फसलो, कारण कौतुक होत असले की आपण चुकतो आहोत हे माणसाला कळत नाही.

दिवाळीपर्यंत आई भिंतीला हात लावून चालू लागली. शिमग्याला काठी आली. पाय काही मोडलेला नव्हता, पडली नव्हती, ताप आलेला नव्हता. डॉक्टरांना दाखवले, त्यांनी तपासले आणि टॉनिक दिले. "वय झालं," म्हणाले. आईनेही तेच उचलले. जेवण कमी का जाते? वय झालं. झोप का येत नाही? वय झालं. "माझ्या गोवऱ्या मसनात गेल्या आता," असे उठताबसता म्हणू लागली. वाडीत असताना तिच्या तोंडून हे कधी ऐकले नव्हते. आठ महिन्यांत आईचे वय आठ महिन्यांनीच वाढले होते, पण तिच्या मनातले वय कुठल्या कुठे गेले.

आता एक जुना विनोद आठवतो. एका म्हाताऱ्याचा डावा गुडघा दुखतो. डॉक्टर म्हणतात, बाबा, हे वयामुळे. म्हातारा म्हणतो, डॉक्टर, उजवा गुडघाही त्याच वयाचा आहे, तो नाही दुखत! विनोद आहे, पण त्यात मेख आहे. "वय झालं" या दोन शब्दांनी सगळ्याचा खुलासा होतो, म्हणून पुढे कोणी काही विचारत नाही. आणि वय व न वापरणे या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. मांड्या बारीक होतात, दम लागतो, तोल जातो. यातले कालमानाने किती झाले आणि खुर्चीने किती केले, हे नुसते बघून ओळखू येत नाही.

अमेरिकेत डल्लास शहरी १९६६ साली डॉक्टरांनी एक प्रयोग केला. विशीतले ५ धडधाकट तरुण निवडले आणि त्यांना ३ आठवडे खाटेवर झोपवून ठेवले. नंतर त्यांची ताकद मोजली, हृदयाची आणि दमाची. ती चांगलीच घटली होती. पुढे ३० वर्षांनी, १९९६ साली, तेच पाच जण पन्नाशीत आल्यावर पुन्हा मोजणी केली. तेव्हा असे दिसले, की तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केले होते. मग त्यांना ६ महिने चालण्या-धावण्याचा सराव दिला, तेव्हा दमाची ताकद विशीत होती तिथवर परत आली. विशीतल्या पोरांची जर तीन आठवड्यांत ही गत, तर ७२ वर्षांच्या माझ्या आईला मी आठ महिने खुर्चीवर बसवले होते, याचा हिशेब तुम्हीच करा.

आपल्या भागाला हा हिशेब दरवर्षी लागू होतो. आपल्याकडे शंभर-सव्वाशे इंच पाऊस. आषाढ-श्रावणात निसरडे होते, ओहोळ भरून वाहतात, म्हातारी माणसे पडवीच्या बाहेर पडत नाहीत, आणि पडू नये हेही खरे. मग गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात आणि म्हणतात, "आजी केवढी खचली हो! मे महिन्यात किती छान होती!" वय काय फक्त पावसाळ्यातच वाढते? आजी अडीच-तीन महिने एका जागी बसलेली असते, दुसरे काही नाही. पण ती आणि घरची माणसे, दोघेही समजतात की आता हे असेच चालायचे.

आईचे पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात माझ्या मामेबहिणीचे लग्न निघाले, तिकडेच वाडीत. आईला न्यावे की नाही याचा आम्ही खल केला. ती म्हणाली, "मला उचलून न्या, पन न्या." नेले. मला रजा नव्हती म्हणून तिला तिथे सोडून मी परतलो. पंधरा दिवसांनी आणायला गेलो, तर आई जात्यावर हळद दळायला बसलेली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तिची भावजय, तीही सत्तरीची. काठी कोपऱ्यात उभी. मी म्हटले, "आये, अगं हात दुखतील." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दुखतील तर दुखतील. मला काय तू पाव्हनी करून ठेवलीस का रं?"

वाचकहो, हे वाक्य मी अजून विसरलो नाही. पाहुणी! घरातल्या खुर्चीवर बसवून, ताट हातात देऊन मी माझ्या आईला पाहुणी केले होते. पाहुण्याला काही काम नसते. आणि पाहुण्याला एक दिवस जायचे असते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

परत आल्यावर तिने पहिली मागणी केली ती चार कोंबड्यांची. सौ.ला हे पसंत नव्हते. शेणाघाणीची तिला अडचण नव्हती, अडचण वेगळीच होती. "लोक म्हणतील, सासूला राबवते," ती म्हणाली. मंडळी, या प्रश्नाकडे आपण नीट बघितले पाहिजे. आपल्या समाजात म्हातारे माणूस बसलेले दिसले तर घराची शोभा, आणि काही करताना दिसले तर सुनेची निंदा. बोल लागतो तो मुलाला नव्हे, सुनेला. मग ती बिचारी झाडू काढून घेते, विळी काढून घेते, आणि नकळत त्या माणसाचे पायही काढून घेते. आळीतल्या बायांच्या तोंडाला घाबरून किती आज्या लवकर म्हाताऱ्या झाल्या असतील, याची नोंद कुठल्या सरकारी दप्तरात सापडायची नाही.

शेवटी कोंबड्या आल्या. मग मागच्या दारी पडवळाचा मांडव आला. काठी सुटली नाही, गुडघेही बरे झाले नाहीत, ते मी सांगणार नाही. पण "गोवऱ्या मसनात" बंद झाले. त्याऐवजी "खुडूक बसलीय, एकवीस दिवस तरी मला कुठं जाता यायचं नाही," असे ती सांगू लागली. २०१७ साली गेली, ८४ वर्षांची होऊन. शेवटचा महिना सोडला तर खुराडे रोज तिनेच उघडले.

ऐंशी-नव्वदीत आता ताकद काय येणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटत असे. पण बोस्टन शहरातल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या १० दुबळ्या माणसांना डॉक्टरांनी ८ आठवडे पायाने वजन उचलण्याचा सराव दिला. एकाने मधेच सोडले. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरीने अडीच पटीहून अधिक झाली, आणि दोघांनी काठी टाकली. हे १९९० साली छापून आले. त्यात औषध नव्हते, इंजेक्शन नव्हते. स्नायूला वय कळत नाही, त्याला फक्त ओझे कळते. थोडे, बेताचे, रोज वाढत जाणारे.

यात मनाचा भाग कुठे आला, असे कोणी विचारील. तो असा. माणूस आपले वय आरशात बघत नाही, तो ते आपल्या हातापायांना विचारतो. सकाळी हंडा उचलला गेला की हातपाय सांगतात, अजून आहे. उठताना कोणी हात दिला की सांगतात, संपले. रोज हेच उत्तर मिळू लागले की मन ते खरे धरते, आणि मनाने एकदा धरले की माणूस आणखी बसतो. बसला की आणखी खचतो. रहाट असा उलटा फिरू लागतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका गावी पन्नाशीच्या पुढच्या ६६० माणसांना १९७५ साली विचारून ठेवले होते, की वाढत्या वयाबद्दल तुम्हाला काय वाटते. पुढे बेक्का लेव्ही या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यातले कोण किती जगले हे पाहिले, आणि २००२ साली प्रसिद्ध केले. ज्यांचे मत चांगले होते ती माणसे इतरांहून सरासरी साडेसात वर्षे अधिक जगली. नुसत्या मतानेच आयुष्य वाढले असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पण ज्याला वाटते की आपण अजून आहोत, तो उठतो, फिरतो, वेळेवर औषध घेतो, हे तर आपण घरोघर बघतो.

आणि ते मत नुसत्या उपदेशाने बदलत नाही. आईला मी कमी का समजावले होते? "आये, तुला काही झालेलं नाही, आनंदात राहा." खुर्चीवर बसलेल्या माणसाला हे सांगणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणे. तिला जात्याच्या खुंट्याने जे पटले ते माझ्या जिभेने पटले नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणी मुंबईला निवांत बसायचा आणि म्हणायचा, छान, म्हातारी काम करते आहे, तिचे आयुष्य वाढते आहे!

आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या वाड्यावाड्यांतून नुसती म्हातारी माणसे उरली आहेत. पोरे मुंबई, ठाणे, सुरतेला. पावसाळ्यात एवढे पाणी पडूनही चैत्र-वैशाखात कित्येक वाड्यांना टँकर लागतो. तो आला नाही की सत्तरीची बाई डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन घळीतून वर येते. तिला व्यायामाचे महत्त्व सांगणाऱ्याने आधी तो हंडा स्वतः उचलून बघावा. लावणीत दिवसभर वाकून चिखलात उभे राहण्याने कंबर सुधारत नाही, ती जाते. गेली चाळीस वर्षे ज्या बाईने हेच केले तिचे गुडघे कामानेच गेलेले असतात, बसून नव्हे. बारामतीच्या लताबाई करे नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून साठी उलटल्यावर शर्यतीत नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण दवाखान्याच्या बिलासाठी कोणा म्हातारीला धावावे लागू नये, हे त्या टाळ्यांत ऐकू आले नाही.

मग काम चांगले की वाईट? मला वाटते, ते कोणाच्या हुकमाने चालते यावर आहे. आईला कोंबड्या तिच्या हुकमाने हव्या होत्या. कंटाळा आला तर ती बसू शकत होती. हंडा आणणाऱ्या बाईला बसता येत नाही, बसली तर घरात पाणी नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचे ओझे, निसरड्या बांधावरची ये-जा, दिवसभराची लावणी हे आपण घ्यावे, अगदी हट्टाने घ्यावे. तरव्याच्या जुड्या बांधणे, बी निवडणे, भाजीचा मांडव, गुरे सोडणे-बांधणे, अंगण झाडणे हे त्यांचे त्यांच्याकडे राहू द्यावे. आणि यातही त्यांनाच विचारावे. आपण न विचारता देतो आणि न विचारताच काढून घेतो.

पुरुषांचे वेगळे आहे, आणि पुरुष म्हणून मला ते बोलायला हरकत नाही. आपल्या गावांतून बाई मरेपर्यंत निवृत्त होत नाही आणि पुरुष साठी झाली की पारावर जातो. गिरणीतून, गोदीतून निवृत्त होऊन आलेला तर दुसऱ्याच दिवसापासून. पारावर सकाळी नऊपासून कोण गेला, कोण जायच्या बेतात आहे, कोणाची साखर किती, याच गप्पा. त्याच घरातली त्याच वयाची बाई वाल सोलता सोलता पुढच्या वर्षीच्या बियाण्याबद्दल बोलत असते. हा फरक मी बऱ्याच घरांत पाहिला आहे, तुम्हीही आपल्या घरात पाहा.

पूर्वी रायगड पायऱ्यांनीच चढावा लागे. १९९६ साली रोपवे झाला आणि चार-पाच मिनिटांत वर जाता येऊ लागले. तरी गडाखालच्या वाड्यांतल्या बाया ताक-सरबत घेऊन अजून चढतात. त्यात पिकल्या केसांच्याही आहेत. एकीला मी विचारले, "आजी, पाय दुखत नाहीत का?" म्हणाली, "दुखतात की. घरी बसले तरी दुखतात. हितं मान्सं तरी दिसतात." तिच्याशेजारी मुंबईहून आलेला एक तरुण भारी बूट घालून, दोन हातांत दोन काठ्या घेऊन धापा टाकत बसला होता. आजीने त्याला ताक दिले आणि वर बसायला जागाही करून दिली.

पण सगळ्यांनी गडच चढला पाहिजे असे नाही. पायथ्याला पाचाड आहे. जिजाऊसाहेबांना गडावरची थंड हवा मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी खाली पाचाडला वाडा बांधला. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला, तो पाहून १७ जूनला त्या पाचाडलाच गेल्या. वाड्यातल्या विहिरीला तक्क्याची विहीर म्हणतात. काठावर टेकून बसायला दगडाचा तक्क्या आहे. तिथे त्या येऊन बसत आणि पाण्याला येणाऱ्या गावच्या बायांशी बोलत, असे सांगतात. मला ही कथा फार आवडते. स्वराज्याच्या आईसाहेबांनी म्हातारपणी बसण्यासाठी जागा निवडली ती माजघरातली नव्हे, विहिरीच्या काठची. तिथवर चालत यायचे आणि तिथे चार माणसे भेटायची.

आता थोडे कामाचे सांगतो. आधी खुर्चीचे. प्लॅस्टिकची खुर्ची घरोघर आली, तेव्हापासून आपण जमिनीवर बसायचे विसरत चाललो. ब्राझील देशात डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना आधार न घेता जमिनीवर बसून उठायला सांगितले आणि हात किंवा गुडघा टेकला की गुण कापले. हे २०१२ साली छापून आले. ज्यांना अगदी कमी गुण मिळाले, त्यांच्यात पुढच्या सहा-सात वर्षांत दगावण्याचे प्रमाण चांगले गुण मिळालेल्यांच्या कितीतरी पट होते. जमिनीवर बसले की आयुष्य वाढते असे यावरून ठरत नाही, आजारी माणसालाच उठता येत नसते. पण पाय, कंबर आणि तोल तिन्ही शाबूत आहेत का, हे उठण्यावरून कळते. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी निदान एक वेळचे जेवण पाटावर घ्यावे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी त्याच खुर्चीवरून, हात न टेकता, सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा उठावे आणि बसावे. खुर्ची मात्र लाकडी, जड, भिंतीला लावलेली हवी. प्लॅस्टिकची सरकते आणि माणूस आपटतो.

पडवीचा खांब धरून एका पायावर उभे राहायचे, मनात दहापर्यंत मोजायचे, मग दुसरा पाय. पावसात पडणारी माणसे ताकद नाही म्हणून जितकी पडतात तितकीच तोल नाही म्हणून पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे चालण्यासारखी हालचाल करावी आणि तोल व ताकद यांचा सराव तीन दिवस तरी करावा. १५० मिनिटे म्हणजे रोजची वीस-बावीस. पावसाळ्यात बाहेर जाता येत नसेल तर पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालाव्यात. हसणारे हसू द्यात. गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा बघू.

हे करताना छातीत दुखले, डावा हात भरून आला, घेरी आली, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर जागच्या जागी थांबायचे आणि दवाखाना गाठायचा. तिथे "वय झालं" म्हणून घरात बसू नये. हृदयाचा विकार आहे, नुकते शस्त्रक्रियेतून उठला आहात, तर आधी डॉक्टरांना विचारा. एखादे माणूस आठ-पंधरा दिवसांतच एकाएकी खचले तर तेही वयाच्या खात्यावर टाकू नका, तपासून घ्या.

तर घमेल्याचे राहिले. मी आठ दिवस विचार केला आणि नवव्या दिवशी सुनेला सगळे सांगितले, आजेसासूच्या कोंबड्यांसकट. तिने ऐकून घेतले आणि आमच्या सौ.ने वीस वर्षांपूर्वी म्हटले होते तेच म्हटले, "लोक काय म्हणतील, आबा?" सौ. आतून भाकरी थापता थापता म्हणाली, "ते मी बघते. तू दे त्यांना घमेलं."

अखेर तडजोड झाली. घमेले अर्धेच भरायचे, आणि पाऊस पडून वाट ओली झाली की बंद. आंब्याची आळी झाली. उद्या फणसाला सुरुवात करायची आहे, आणि ढग तर आत्ताच महाबळेश्वरच्या बाजूला काळे दिसू लागले आहेत.